प्रबंधातला आकडा पुन्हा काढून पाहिल्याशिवाय स्वीकारू नका

प्रति,
भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि मटेरियल सायन्स विभागांचे प्रमुख,
अभ्यास मंडळांचे सदस्य आणि पीएच.डी.चे मार्गदर्शक,
पुणे

स.न.वि.वि.

संगणकावर पदार्थांचे गुणधर्म काढण्याचे काम करणारे पुण्यातले आम्ही काही शिक्षक, संशोधक विद्यार्थी आणि क्लस्टर (जोडलेल्या संगणकांचा संच) सांभाळणारी मंडळी आपल्याला हे पत्र लिहीत आहोत. मागणी एकच आहे. ज्या प्रबंधात संगणकीय प्रकरण आहे, त्याच्यासोबत सगळ्या इनपुट फायली जमा व्हाव्यात, आणि त्यातला निदान एक महत्त्वाचा आकडा मार्गदर्शकाच्या गटाबाहेरच्या कोणीतरी पुन्हा काढून पाहावा. तोपर्यंत प्रबंध परीक्षकांकडे जाऊ नये.

प्रयोगाच्या प्रकरणात एक्स-रे विवर्तनाचा आलेख असला, तर नमुना कसा बनवला, भट्टीचे तापमान किती होते, कोणत्या यंत्रावर मोजले, हे तोंडी परीक्षेत विचारले जाते. डीएफटीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून पदार्थाचे गुणधर्म काढण्याच्या संगणकीय पद्धतीच्या, प्रकरणात मात्र गणिताची बारकाई ठरवणाऱ्या मापांबद्दल ‘कटऑफ आणि के-पॉइंट पुरेसे घेतले’ एवढ्या एका वाक्यावर भागते. परीक्षक बहुधा प्रयोग करणारे असतात, त्यांना पुढचा प्रश्न सुचत नाही. शोधगंगा या प्रबंधांच्या राष्ट्रीय संग्रहावर प्रबंधाची पीडीएफ जाते, पण ज्या फायलींवरून आकडे निघाले त्या विद्यार्थ्याच्या क्लस्टरवरच्या खात्यात राहतात आणि खाते बंद झाले की पुसल्या जातात.

हे आताच सांगण्याचे कारण म्हणजे गेल्या तीन-चार वर्षांत या विषयाचा वेग बदलला आहे. सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० याच शहरात उभा केला. आज पाषाणला आयसरमध्ये परम ब्रह्म आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये देशाला मिळालेल्या तीन परम रुद्र यंत्रांपैकी एक जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी आले, तर दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रातले दुसरे मटेरियल सायन्सच्याही कामाचे आहे. शिवाय यंत्राची गरजच काही कामांत कमी झाली. २०२२ मध्ये एमथ्रीजीनेट, २०२३ मध्ये सीएचजीनेट आणि मेस, त्यानंतर मॅटरसिम अशी जवळजवळ सगळ्या मूलद्रव्यांना चालणारी यंत्रशिक्षित पोटेन्शियल, म्हणजे डीएफटीचे निकाल शिकून अणूंवरची बले झटपट सांगणारी मॉडेल, फुकट मिळू लागली. शंभर अणूंच्या रचनेचे बल डीएफटीने काढायला जिथे क्लस्टरवर तास जात होते, तिथे लॅपटॉपवर आता सेकंद पुरतात. आकडा काढणे सोपे झाले, पण तो बरोबर आहे की नाही हे ठरवणे मुळीच सोपे झालेले नाही. विभागांचे नियम मात्र आकडा काढणे हेच कष्टाचे काम होते त्या काळातले आहेत.

२०२३ मधल्या दोन गाजलेल्या प्रकरणांकडे नीट पाहावे. नोव्हेंबरात गूगल डीपमाइंडने जीनोम या प्रकल्पातून २२ लाख नव्या स्फटिकरचनांचे भाकीत केले आणि त्यातल्या ३,८०,००० स्थिर ठरवल्या. त्याच दिवशी बर्कलीच्या ए-लॅब या स्वयंचलित प्रयोगशाळेचा निबंध आला: १७ दिवसांत ५८ पैकी ४१ संयुगे यंत्रमानवाने बनवली. काही महिन्यांत घनस्थिती रसायनाच्या जाणकारांनी विवर्तनाचे आलेख पुन्हा तपासले आणि त्यांतले खरोखर नवे असे काही सापडत नाही, असे सविस्तर मांडले. या वादाचे मूळ आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला समजले पाहिजे. डीएफटीत आपण शून्य केल्विनला एक लहान, नीटनेटका एकक कोश (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) घेतो. त्यात दोन धनायन आपापल्या ठरलेल्या जागी बसवलेले असतात. भट्टीत १२०० केल्विनला तेच धनायन एकमेकांच्या जागा घेतात. अर्ध्या जागा एकाच्या आणि अर्ध्या दुसऱ्याच्या असतील, तर या मिसळण्याच्या एन्ट्रॉपीमुळे मिसळणाऱ्या दर जागेमागे सुमारे ७२ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट एवढी मुक्त ऊर्जा कमी होते. ऑक्सिजनसकट सगळ्या अणूंवर वाटली तर ती कमी भरते, पण स्थिरतेचा निवाडा २० ते ५० मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट दर अणू इतक्याच फरकावर होत असतो. म्हणून संगणकाने ‘नवे’ म्हणून सांगितलेले सुव्यवस्थित संयुग भट्टीतून बाहेर येते ते बऱ्याचदा आधीच माहीत असलेले, धनायन मिसळलेले संयुग. दोघांत फरक करायला सुव्यवस्थेमुळे येणारी क्षीण जादा शिखरे शोधावी लागतात, आणि आपोआप चाललेल्या रिटव्हेल्ड जुळवणीत (मोजलेल्या आलेखाशी रचना जुळवून पाहण्याच्या पद्धतीत) ती सहज निसटतात.

दुसरे प्रकरण एलके-९९ चे. जुलै २०२३ मध्ये कोरियातून हा पदार्थ खोलीच्या तापमानाला अतिसंवाहक असल्याचा दावा आला आणि आठवड्याभरात डीएफटीचे निबंध आले. शिशाच्या एका विशिष्ट जागी तांबे बसवले तर फर्मी पातळीपाशी (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या ऊर्जापातळ्या संपतात तिथे) सपाट पट्टे दिसतात, असे त्यांत होते. हे गणित चुकलेले नव्हते. दर कोशात एक तांबे, सगळीकडे त्याच जागी, ही मांडणी नमुन्यात असेलच असे नाही, आणि सपाट पट्टा म्हणजे अतिसंवाहकता नव्हे, एवढेच वाचणाऱ्यांनी सोडून दिले. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेकांनी पदार्थ बनवून पाहिला, अतिसंवाहकता सापडली नाही. रोध अचानक घसरतो तो नमुन्यात मिसळलेल्या तांब्याच्या सल्फाइडच्या अवस्थांतरामुळे, हे ऑगस्टमध्येच स्पष्ट झाले. जगभरच्या लोकांनी तपासणी केली कारण पदार्थ गाजला होता. आपल्या प्रबंधातले फोटोकॅटॅलिस्ट, बॅटरीचे कॅथोड आणि थर्मोइलेक्ट्रिक गाजत नाहीत, म्हणून ते कोणी तपासत नाही.

आता प्रत्यक्ष काय चुकते ते सांगतो. यातले काहीच दुर्मिळ नाही.

क्वांटम एस्प्रेसो या डीएफटीच्या प्रोग्रॅममध्ये वेव्हफंक्शनचा कटऑफ दिला आणि घनतेचा कटऑफ दिलाच नाही, तर प्रोग्रॅम तो चौपट धरतो. नॉर्म-कन्झर्विंग स्यूडोपोटेन्शियलला (अणुगर्भ आणि आतल्या इलेक्ट्रॉनांच्या जागी वापरलेल्या सोप्या पोटेन्शियलच्या एका प्रकाराला) हे चालते. अल्ट्रासॉफ्ट या दुसऱ्या प्रकाराला आठ ते बारा पट लागतो. चौपटीवर ऊर्जा फार वाईट दिसत नाही, पण बले आणि ताण बिघडतात, आणि पुढे फोनॉनमध्ये (स्फटिकातल्या अणूंच्या कंपनांत) काल्पनिक वारंवारता उगवल्या की विद्यार्थी ‘हा पदार्थ अस्थिर आहे’ असा निष्कर्ष लिहून मोकळा होतो. काल्पनिक वारंवारता दिसल्यावर आधी बलांचे अभिसरण, मग सुपरसेलचा (एकक कोश अनेकदा ठेवून केलेल्या मोठ्या कोशाचा) आकार, मग ध्वनिक योग नियम (अख्खा स्फटिक सरकवला तर बल शून्य) लावला की नाही, हे पाहायचे. पदार्थच अस्थिर आहे हा शेवटचा पर्याय.

धातूसाठी स्मिअरिंग (फर्मी पातळीपाशी इलेक्ट्रॉनांची भरण किती पसरट करायची ते माप) ०.०२ रिडबर्ग ठेवण्याची सवय आहे. फर्मी-डिरॅक पद्धतीत हे सुमारे ३,१५० केल्विन इलेक्ट्रॉन तापमान झाले. चुंबकत्व किंवा बारीक ऊर्जाफरक काढायचे असतील, तर हा आकडा अर्धा आणि पाव करून निकाल हलतो का, हे दाखवलेच पाहिजे. के-पॉइंटचे जाळेही प्रत्येक कोशासाठी वेगळे लागते. एकक कोशाला ८×८×८ लागत असेल तर २×२×२ सुपरसेलला ४×४×४ पुरते. दोन वेगळ्या कोशांच्या ऊर्जा वजा करताना जाळ्याची घनता सारखी नसेल, तर वजाबाकीत उरतो तो जाळ्यातला फरक.

कोशाचा आकार सैल सोडून केलेल्या व्हीसी-रिलॅक्समध्ये समतल तरंगांचा संच सुरुवातीच्या कोशाला धरून ठरतो. कोश बराच बदलला तर शेवटचा दाब खरा राहत नाही. एस्प्रेसो शेवटी नव्या कोशावर एक ताजे गणित करते, आणि त्यातला दाब पूर्वीपेक्षा वेगळा आला तर मिळालेल्या रचनेपासून पुन्हा सुरुवात करायची असते. आउटपुटचा शेवटचा भाग वाचला तरी हे कळते.

सर्वांत जास्त नुकसान चुंबकीय संयुगांत होते. निकेल ऑक्साइड स्पिनशिवाय चालवले तर धातू निघते. फेरोचुंबकीय सुरुवात दिली तर गणित तिथेच अडकते. प्रतिलोहचुंबकीय (अणूंची चुंबकत्वे उलटसुलट दिशांना असलेल्या) मांडणीसाठी दोन निकेल आणि दोन ऑक्सिजनचा तिरपा कोश घ्यावा लागतो, मग पीबीई या डीएफटीतल्या नेहमीच्या अंदाजसूत्राने (फंक्शनलने) साधारण १ इलेक्ट्रॉनव्होल्ट गॅप (इलेक्ट्रॉनला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा खंड) मिळतो, आणि प्रयोगातला ४ च्या आसपास आहे. इथे हबर्ड यू, म्हणजे एकाच अणूवरच्या इलेक्ट्रॉनांच्या प्रतिकर्षणासाठीची दुरुस्ती, येतो. ‘यू = ६ घेतला’ असे लिहून एखाद्या निबंधाचा संदर्भ देणे पुरेसे नाही, कारण तो निबंध दुसऱ्या प्रोग्रॅमवर, दुसऱ्या प्रक्षेपणावर केलेला असतो आणि यूचा आकडा एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जसाच्या तसा नेता येत नाही. एस्प्रेसोसोबतच यू रेषीय प्रतिसादाने काढण्याचा प्रोग्रॅम मिळतो, तो वापरावा. याच एस्प्रेसोने ७.१ आवृत्तीपासून हबर्डची इनपुट मांडणी बदलली, त्यामुळे जुन्या फायली नव्या आवृत्तीवर चालत नाहीत. प्रबंधात आवृत्तीचा क्रमांक का हवा, याचे यापेक्षा थेट कारण नाही.

पीबीईच्या ओळखीच्या मर्यादा तर एका तक्त्यात भिंतीवर लावता येतील. सिलिकॉनचा गॅप १.१ ऐवजी ०.६. झिंक ऑक्साइडचा ३.४ ऐवजी ०.८ च्या आसपास. जर्मेनियमचा गॅप जवळजवळ शून्य. ग्राफाइटचे थर विक्षेपण बलाची (थरांमधल्या क्षीण आकर्षणाची) दुरुस्ती घातल्याशिवाय नीट धरून राहत नाहीत. तरीही ‘गॅप ०.८ म्हणून दृश्य प्रकाशासाठी योग्य’ अशा अर्थाची वाक्ये लिहिली जातात आणि पुढे जातात, याची आम्हाला खरोखर चिंता वाटते.

यंत्रशिक्षित पोटेन्शियलमध्ये चुकांची जात वेगळी आहे, आणि आपल्या विभागांत याकडे अजून कोणी बघत नाही. यांतली बरीच मॉडेल मटेरियल्स प्रोजेक्ट या डीएफटी निकालांच्या खुल्या डेटाबेसच्या विदेवर (डेटावर) शिकली. त्यातल्या एका प्रसिद्ध संचात सुमारे १५ लाख ८० हजार रचना आहेत, आणि बहुतेक समतोलाच्या आसपासच्या आहेत. परिणाम असा की समतोलापासून दूर गेल्यावर ऊर्जेचा उतार मॉडेलला खरा आहे त्यापेक्षा मऊ दिसतो. पृष्ठभागाची ऊर्जा कमी येते, फोनॉन खाली सरकतात, आयनाच्या स्थलांतरातला अडथळा कमी भरतो. बॅटरीवर काम करणाऱ्यांनी हे गणित करून पाहावे: अडथळा फक्त ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्टने कमी धरला गेला, तर ३०० केल्विनला लिथियमची उडी मारण्याची गती जवळजवळ ४८ पट जास्त निघते. एवढ्या फरकाने वाईट इलेक्ट्रोलाइट उत्तम ठरतो. त्यावर भर म्हणजे ८०० ते १२०० केल्विनला चालवलेल्या एमडीची (अणूंच्या हालचालींच्या गणिताची) सरळ रेषा खोलीच्या तापमानापर्यंत ओढली जाते, आणि मधे अवस्थांतर असले तर ती रेषा वाकते हे कोणी तपासत नाही.

त्याच विदेत आणखी एक सांधा आहे. कोबाल्ट, क्रोमियम, लोह, मँगनीज, मॉलिब्डेनम, निकेल, व्हॅनेडियम आणि टंगस्टन हे आठ धातू ऑक्साइड किंवा फ्लोराइडमध्ये असतील तरच तिथे यू लावलेला असतो. ऑक्साइडमधून धातूकडे जाणारी विक्रिया अशा मॉडेलने चालवली, तर वाटेत ऊर्जेच्या दोन वेगळ्या मोजपट्ट्या लागतात. मेटाने २०२४ मध्ये ११ कोटींहून अधिक डीएफटी गणितांचा ओमॅट२४ हा संच खुला केला, त्यात समतोलापासून दूरच्या रचना मुद्दाम भरल्या आहेत, म्हणून मऊपणा कमी होतो. तरी आपल्या पदार्थासाठी तो किती उरला, हे ज्याचे त्यानेच मोजायचे.

मोजण्याची पद्धत अवघड नाही. एमडीतून आणि स्थलांतराच्या मार्गावरून ३० ते ५० रचना उचलाव्यात, त्यांवर मॉडेलच्या शिकवणीतलेच फंक्शनल वापरून डीएफटी चालवावी, बलांचा आलेख काढावा, आडव्या अक्षावर डीएफटीची आणि उभ्या अक्षावर मॉडेलची बले. बिंदूंची रेष ४५ अंशांच्या खाली झुकली असेल तर मऊपणा आहे, आणि याच रचनांवर मॉडेलला पुन्हा थोडे शिकवले की तो बऱ्यापैकी जातो. काही मॉडेल ऊर्जेचे विकलन न करता बल थेट सांगतात. त्यांच्यासाठी थर्मोस्टॅट काढून काही दहा पिकोसेकंद चालवून एकूण ऊर्जा घसरते का ते पाहावे. टाइमस्टेप १ फेम्टोसेकंद, हायड्रोजन असेल तर अर्धा. आणि रचना सैल करताना किंवा फोनॉन काढताना ६४ बिटांची अचूकता ठेवावी. ३२ बिटांवर वेग मिळतो, पण लहान विस्थापनांच्या बलांत गोंगाट येतो.

आता मागणीचा व्यावहारिक भाग. फोल्डरमध्ये काय असावे? प्रत्येक तक्त्याच्या आणि आकृतीच्या क्रमांकाने एक उपफोल्डर. त्यात इनपुट, मूळ आउटपुट, सुरुवातीची आणि शेवटची रचना, आणि आकडा काढणारी स्क्रिप्ट. रचना डेटाबेसमधून घेतली असेल तर तिचा क्रमांक आणि डेटाबेसची आवृत्ती, कारण मटेरियल्स प्रोजेक्टच्या ऊर्जा-दुरुस्त्या मधे बदलल्या आहेत आणि जुनी व नवी निर्मितीऊर्जा एकमेकांतून वजा करता येत नाही. स्यूडोपोटेन्शियलची पूर्ण फाइल, किंवा निदान नाव आणि चेकसम (फाइल तीच आहे हे पटवणारा आकडा). व्हास्प हा परवान्यावर मिळणारा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी पोटकार ही त्याची स्यूडोपोटेन्शियलची फाइल परवान्यामुळे टाकू नये, तिच्या शीर्षकाच्या ओळी टाकाव्यात. यंत्रशिक्षित मॉडेलच्या फाइलचे नाव, आवृत्ती, चेकसम आणि विक्षेपण दुरुस्ती चालू होती की बंद. वेव्हफंक्शनच्या फायली वगळाव्यात; जागा त्याच खातात. त्या काढल्या की बहुतेक प्रबंधांचे फोल्डर पेनड्राइव्हवर सहज बसते. झेनोडो या खुल्या विदासंग्रहावर एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा मोफत आहे, नोमॅड हा संग्रह खास याच विषयाच्या विदेसाठी आहे आणि तिथे ३६ महिन्यांपर्यंत विदा झाकून ठेवता येते. निबंध अजून छापायचा आहे, ही सबब त्यामुळे उरत नाही.

पुनर्गणनेसाठी विभागाने दुसऱ्या गटातला एक विद्यार्थी नेमावा. त्याने प्रबंधाचा निष्कर्ष ज्या आकड्यावर उभा आहे तो निवडावा, मार्गदर्शकाने सुचवलेला नव्हे. तोच प्रोग्रॅम आणि तेच स्यूडोपोटेन्शियल असेल तर ऊर्जाफरक १ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट दर अणूच्या आत जुळला पाहिजे. प्रोग्रॅम वेगळा असला तरी घाबरण्याचे कारण नाही. २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या तुलनेत १५ प्रोग्रॅम आणि ४० पद्धतींनी ७१ मूलद्रव्यांचे स्फटिक काढले, आणि आजच्या चांगल्या पद्धती एकमेकींशी प्रयोगातल्या फरकाइतक्याच जवळ आल्या. नंतरच्या पडताळणीत तर ९६ मूलद्रव्यांच्या ९६० रचना ११ प्रोग्रॅमवर तपासल्या गेल्या आणि ती विदा खुली आहे. म्हणजे आकडा जुळला नाही, तर ‘प्रोग्रॅम वेगळा आहे’ हे उत्तर आता चालणार नाही. जुळला नाही म्हणून प्रबंध नापास करावा असे आमचे म्हणणे नाही. कारण शोधून ते प्रबंधात लिहावे. या कामाला क्लस्टरचे तास लागतात, त्यासाठी प्रत्येक गटाच्या वाट्यातून ५ टक्के वेळ बाजूला ठेवावा आणि तपासणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव प्रबंधात छापावे. हे श्रेय नसेल तर दुसऱ्याचे काम मन लावून कोणी तपासणार नाही.

मार्गदर्शकांवर बोजा वाढेल हे खरे आहे, पहिल्या वर्षी तर नक्कीच. पण फोल्डर शेवटच्या महिन्यात जमवायचा नसतो. पहिल्या गणितापासून तीच रचना ठेवली, तर जाणारा विद्यार्थी येणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातात चालू काम देऊन जातो. आज येणाऱ्याचे पहिले सहा महिने जुने आकडे पुन्हा मिळवण्यातच जातात.

अभ्यास मंडळांना एक वेगळी विनंती. एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांत तीन सराव घालावेत. सिलिकॉन: कटऑफ आणि के-पॉइंटचे अभिसरण, जालक स्थिरांक प्रयोगातल्या ५.४३ आंगस्ट्रॉमशी ताडून पाहणे. लोखंड: स्पिनसह आणि स्पिनशिवाय, चुंबकीय आघूर्ण २.२ बोर मॅग्नेटॉन येतो का, आणि एलडीए या जुन्या फंक्शनलने चालवल्यावर स्थिर रचनाच चुकीची का निघते. निकेल ऑक्साइड: वर सांगितलेल्या तिन्ही सुरुवाती आणि त्यांच्या ऊर्जांची तुलना. क्वांटम एस्प्रेसो मुक्त परवान्यावर मिळते आणि ८ जीबी मेमरीच्या साध्या पीसीवर हे तिन्ही सराव प्रात्यक्षिकाच्या वेळेत बसतात. इनपुट फायली आणि मराठीतल्या सूचना आम्ही तयार करून देऊ, पहिल्या तुकडीला स्वतः येऊन शिकवू. पुनर्गणनेच्या नियमाचा एक पानी मसुदाही तयार आहे. अभ्यास मंडळाच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो घ्यावा आणि आमच्यापैकी दोघांना त्यावर बोलायला बोलवावे.

कळावे,

आपले,
संगणकीय मटेरियल सायन्समध्ये काम करणारे पुण्यातील शिक्षक, संशोधक विद्यार्थी आणि तंत्रज्ञ